मागावर राहिलेलं कापड

सोसोर गालुंग, सामोसिर बेट
३ मार्च १९८६

तिओदोरला थोरलीचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालायला निघाली असशील तर जरा थांब. मी भांडायला लिहीत नाहीये. इतक्या वर्षांत एकदाही लिहिलं नाहीस आणि आता कसली आठवण झाली, असं तू म्हणणार. म्हण. तुझा पत्ता सालोमो बोटवाल्याच्या मेव्हण्याने दिला. तो समुद्रापलीकडे बालिकपापनला तुझ्या नवऱ्याबरोबरच तेलाच्या कारखान्यात असतो म्हणे. तू जाडी झालीस असंही त्याने सांगितलं, पण त्यावर मी विश्वास ठेवलेला नाही.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे, तळ्यावरच्या वाऱ्याने होतो तसा. मी आता तिच्याकडेच राहते. माझे मालक गेले हे तुला कळलं असेल, नसेल तर आता कळलं. मूलबाळ नव्हतंच, तेव्हा दोन विधवा एका चुलीवर, आणि मीठ जास्त की कमी यावरून रोज एक लढाई.

तिचं तबीथा मंडळ अजून चालू आहे. मंडळ म्हणजे आई एकटी. बाकीच्या बायका कॉफी प्यायला आणि कुणाची सून कशी आहे ते बोलायला येतात. चर्चच्या मंडळीत पोर जन्मलं की बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला पाठुंगळी बांधायचं कापड आईच्या मागावरूनच जायला हवं, हा नेम तिने तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मोडलेला नाही. मी म्हटलं, आता पुरे कर, बाजारात तयार मिळतात. तर म्हणाली, "तबीथाने प्रवचनं केली असं बायबलात कुठे लिहिलंय का? तिने कपडे शिवले. मला बोलता येत नाही, मी विणते." पाठ मोडली तरी बाई मागाचा पट्टा पाठीला बांधून बसते.

आता मुद्द्यावर येते. मासळीवाल्या लास्माला मुलगा झाला. मे महिन्यात, पन्नासाव्याच्या सणाला बाप्तिस्मा आहे. कापड निम्मं विणून झालंय आणि आईच्याने पुढे होत नाही. बायका म्हणाल्या, लामरिया आहे ना. आहे, पण माझे हात तुला ठाऊक आहेत. मी एक वीत विणली आणि काठ असा वाकडा झाला की आईने बघून डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाली, "तिओदोरला बोलाव. ती पुरं करेल."

हे नाव आमच्या घरात बाबा गेल्यावरसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. माझ्या हातातला धोटा खाली पडला.

तर विचारतेय. येशील का? थोड्या दिवसांसाठी. नाही म्हणालीस तरी चालेल, पण तसं लिही, म्हणजे मला आईला काहीतरी सांगता येईल.

लामरिया


सोसोर गालुंग
२१ एप्रिल

तिओदोर बाई,

तुझं पत्र आलं. पहिल्या ओळीत आईचा खोकला विचारलास आणि दुसऱ्या ओळीपासून मला झोडपलंस. चालायचंच. तुझं अक्षर अजून तसंच आहे, सगळी अक्षरं एकमेकींना ढकलत रांगेत उभी.

तू विचारलंस, "आले तर चर्चमध्ये कुठे बसू? बाहेर चिंचेखाली?" मी आधी रागावले, मग विचारायला गेले. तुझ्यासाठी म्हणून नव्हे, मला उत्तर माहीत असायला हवं म्हणून. आमचे नवे पाळक होतासी तरुण आहेत, ते म्हणाले की वाट आहे, सोपी आहे. मंडळीपुढे उभं राहायचं, चर्चचे पंच विचारतील, "आपल्याच कुळात, पळून जाऊन, चर्चबाहेर लग्न केलं ते पाप होतं हे मान्य आहे का?" तू हो म्हणायचं, आणि त्याच रविवारी सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्यायची.

मला वाटलं, एवढंच ना? एक "हो" म्हण आणि मोकळी हो. हे मी तुला आज लिहिते आहे, आणि तुझा चेहराही मला इथून दिसतोय. तू लिहिलंसच: "मारिहोतबरोबर मी संसार केला, त्याच्याबरोबर एक मूल मातीत ठेवलं. त्याला पाप म्हणू?"

मग पंचांच्या बैठकीत मी विचारलं की बाईने पाप न म्हणता नुसतं कापड विणून दिलं तर? जामालांग पंच खुर्चीतून अर्धे उठले. ते आता पार म्हातारे झालेत, कानात केस आलेत, पण आवाज तोच.

"लामरिया, मंडळीबाहेरच्या हाताचं कापड बाप्तिस्म्याला? उद्या म्हणशील, पाणीही तिच्याच हातून ओता!"

"काका, कापडाला काय कळतं कोण आत आणि कोण बाहेर?"

"कापडाला नाही, मला कळतं. तुझ्या बापाने पंच म्हणून वेदीपुढे उभं राहून स्वतःच्या पोरीचं नाव मंडळीतून काढल्याचं वाचलं. त्याचा आवाज कापत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. तो वाचू शकला आणि मी ते पुसू? त्याला वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

जामालांग काका वाईट नाहीत गं. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बाबांचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ. त्यांच्यापुढे बाकीचे पंच माना हलवतात.

आईला येऊन सांगितलं. ती बराच वेळ हसत होती, हसण्यात खोकला मिसळत होता. "जामालांगला काय माहीत," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, काय माहीत नाही? तर म्हणाली, "मीठ आण जा."

आणि तू जे शेवटी लिहिलंस, "बाबांवर माझा राग नाही," ते मला पटलेलं नाही. ज्या माणसाने भर उपासनेत आपलं नाव मंडळीतून काढलं त्याच्यावर राग नाही? मी असते तर आजही असता. मला तर तुझ्या वतीने थोडा आहे. हे कुणाला सांगू नकोस, मी तबीथा मंडळाची आहे.

खोकल्याबद्दल विचारलंस. पांगुरुरानला डॉक्टरकडे नेलं होतं. औषध दिलंय.

लामरिया


सोसोर गालुंग
९ मे

तिओदोर,

खोकल्याबद्दल मी नीट लिहिलं नव्हतं. आईने बजावलं होतं, "तिला घाबरवून बोलावू नकोस, यायचं तर मनाने येऊ दे." पण मला हे पोटात ठेवता येत नाही. डॉक्टरांनी औषध दिलंय ते दुखू नये म्हणून, बरं व्हावं म्हणून नाही.

ती आता बसत नाही. माग तिच्या अंथरुणाशेजारी मांडून ठेवलाय, कारण दुसऱ्या खोलीत नेला की ती शोधते. हात लांब करून ताण्याच्या दोऱ्यांवरून बोटं फिरवते. काल मी रताळ्याचा पाला शिजवून भरवत होते, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मार्था. सगळीकडे धावतेस, सगळ्यांवर चिडतेस. पण येशू जेवला मार्थाच्या हातचंच." मी भांडं घेऊन बाहेर गेले आणि पाण्याच्या रांजणापाशी खूप रडले.

ये गं. पाप म्हणू नकोस, काही म्हणू नकोस, मागच्या दाराने ये. जामालांग काकांना मी बघून घेते.

लामरिया


सोसोर गालुंग
६ जून

माझ्या तिओदोर,

आईचं शेवटचं आलं म्हणून मी केलेली तार तुला मिळाली होती हे आता कळलं. जहाज चार दिवसांनी होतं, तू रोसिन्ताला मेदानला कळवलंस आणि धक्क्यावर बसून राहिलीस, हे रोसिन्ताने सांगितलं. तुझ्या मुलीने सांगितलं. तुझी मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं तूच आलीस, इतकी ती तुझी आहे, फक्त नाक मारिहोतचं.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी मध्येच रडेन आणि तुला काही कळणार नाही.

आई सकाळी गेली. चर्चची घंटा वाजली आणि बायका यायला लागल्या, आणि येताना प्रत्येकीने कापड आणलं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. पाठुंगळीची कापडं, तिओदोर. फाटलेली, विटलेली, पोरांच्या मुताने पिवळी पडलेली, काही तर इतकी जुनी की ज्यांना त्यात बांधून फिरवलं ते आता मिशावाले झालेत. एकेक जण येऊन आईला दाखवायची. "हे माझ्या थोरल्याचं, बघ." "हे जुळ्यांचं, तू दोन महिने खपलीस." "हे माझं, आईने पेटीत जपलं होतं." शांत पडलेल्या आईला त्या कापडं दाखवत होत्या आणि रडत होत्या. पाळक होतासी दारात उभे होते, हातात प्रवचनाचा कागद होता, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "यापो गावात पेत्र आला तेव्हा विधवांनी त्याला तबीथाने केलेले कपडे दाखवले. मी आज आणखी काही सांगणार नाही."

जामालांग काकाही आले. त्यांच्या छातीशी एक निळं कापड होतं, त्यांच्या गेलेल्या मुलीचं. ते आईच्या पायांपाशी ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

तेवढ्यात रोसिन्ता आली. मेदानच्या नर्सिंग शाळेतून, बसने आणि मग बोटीने, चिखलाने भरलेली चप्पल हातात घेऊन. बायकांनी वाट दिली, ही कोण म्हणून बघत राहिल्या. शाळेला जाताना तू तिला दिलेलं कापड तिने पिशवीतून काढलं आणि उलगडायला लागली.

ते उलगडेच ना. कारण त्याला टोकच नव्हतं.

तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतेय. मागावरून उतरवताना ताणा न कापलेलं, कड्यासारखं गोल राहिलेलं कापड. ज्या लेकीवर दुःख कोसळलं तिलाच देतात, आणि लोकांपुढे मिरवत नाहीत. मी जन्मात दोनदा पाहिलंय. आईचा हात मी ओळखला, तो काळा-तांबडा पट्टा, कडेची ती बारीक चढण. मी तोंड उघडलं. पण त्या क्षणी माझ्या आधी जामालांग काका बोलले.

"हे तुला कुणी दिलं, पोरी?"

"माझ्या आईला आजीने विणून दिलं. माझा भाऊ वारला तेव्हा."

"विणलं आजीने. दिलं कुणी?"

हा प्रश्न का, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते कापड बाईच्या हातून जात नाही. बापाने स्वतः प्रार्थना करून लेकीच्या खांद्यावर घालावं लागतं, नाहीतर ते नुसतं कापड.

रोसिन्ता म्हणाली, "आजोबांनी. ते आले होते ना बालिकपापनला. मी लहान होते पण मला आठवतं, बोट लागून त्यांना खूप उलट्या झाल्या होत्या आणि ते लाजत होते. आईबाबांच्या दोघांच्या खांद्यावर त्यांनी हे घातलं. मग पुष्कळ वेळ प्रार्थना केली. मला झोप आली तरी ती संपेना."

दोघांच्या खांद्यावर, तिओदोर. मारिहोतच्याही.

बाबा मेदानला सगळ्या चर्चांच्या सिनॉड सभेला म्हणून गेले होते त्या वर्षी. परत आले ते तोंड करपलेलं, आणि बरोबर एवढी मोठी सुक्या कोळंबीची पुडी. मी म्हटलंही होतं, मेदानला अशी कोळंबी मिळते? आई म्हणाली, मिळते, तू गप्प बस आणि निवड.

मला किती राग आला म्हणून सांगू! आईला माहीत, बाबांना माहीत, तुला माहीत, लहानग्या रोसिन्ताला माहीत, आणि मी एकटी येडी, बाबांवर तुझ्या वतीने रागावून बसलेली. तिथेच सगळ्यांसमोर मी रोसिन्ताला विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

पोरगी घाबरली. म्हणाली, "आजोबा म्हणाले होते, लामरियाला सांगू नका. तिच्या पोटात काही राहत नाही. ती मंडळीला खरं सांगेल आणि मग मला पंचपद सोडावं लागेल. अजून अशा पुष्कळ दुःखाच्या घरी जायचं आहे."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, आणि मग आईच्या उशाशी सगळं घर हसत होतं आणि रडत होतं. मीसुद्धा. लहानपणी पाळकांच्या अंगणातले आंबे तू तोडलेस हे मी पाळकांनाच जाऊन सांगितलं होतं, ते या लोकांनी विसरायचं नाव घेतलं नाही.

जामालांग काका मात्र हसले नाहीत. ते त्या कापडाला हात लावत होते, जिथे टोक असायला हवं तिथे पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस रे." ते बाबांना म्हणाले. इतक्या वर्षांनी, रिकाम्या भिंतीकडे बघून.

आईला बाबांशेजारी ठेवलं. बायकांनी आपापली कापडं परत नेली, जामालांग काकांचं निळं तेवढं तिच्याबरोबर गेलं. त्यांनीच ठेवलं.

रोसिन्ता दोन दिवस राहिली. तिला हळद घातलेला मासा करून घातला, तिने काटे तुझ्यासारखेच ताटाच्या कडेला ओळीत लावले. मागावरचं कापड बघून तिने ताण्यावर हात फिरवला, पण बसली नाही. म्हणाली, "हे आईचं आहे."

तुझी लामरिया


सोसोर गालुंग
१८ जुलै

तिओदोर,

आज पंचांची बैठक झाली. ऐक, आणि मला मध्ये तोडू नकोस.

तबीथा मंडळ आता कुणी चालवायचं हा विषय निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बायकांना गोळा करीन, कॉफी करीन, घरोघर जाऊन कोण बाळंत आहे ते विचारीन, कुणी पैसे बुडवत असेल तर भांडेन. पण विणणार कोण? माझ्या बहिणीसाठी दार उघडत असाल तर मी हो म्हणते, नाहीतर दुसरी बघा. माझा आवाज बाबांसारखा झाला होता, असं पाळक नंतर म्हणाले.

कुणी काही बोलण्याआधी जामालांग काका उठले, या खेपेला पूर्ण उठले. म्हणाले, "एका प्रश्नाचं मला उत्तर सापडलं नाही. तिच्या बापाने चर्चमध्ये उभं राहून जे वाचलं ते मी ऐकलं. आणि तिथे जाऊन जे केलं ते मी पाहिलं नाही. आता दोन्हींतलं मी कुठलं पाळू?" मग स्वतःच, "तो दुःखाच्या पुष्कळ घरी आत जायचा. मी दारात उभा राहून परत यायचो. मी दुसरं पाळतो."

तर असं ठरलंय. तुला पापाचा प्रश्न विचारणार नाहीत. एकच विचारतील, "प्रभूच्या मेजाकडे यायचं आहे का?" तुलाही आणि मारिहोतलाही, दोघांना शेजारी उभं करून. विचारणार जामालांग काका स्वतः. त्यांनी हट्टच धरला. दोन पंचांना पटलेलं नाही आणि ते त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतील. राहू देत. उभं राहताना ते गोल कापड दोघांच्या खांद्यावर घ्या, असं काका म्हणाले. मिरवायचं नसतं हे त्यांनाही माहीत आहे. म्हणाले, या एका दिवशी मिरवू दे.

लास्माने बाप्तिस्मा पुढे ढकललाय. पाळकांनी समजावलं, बाई, कापडावाचून अडत नाही. ती म्हणाली, माझं अडतं. पोर आता पालथं पडायला लागलंय, अजून उशीर झाला तर स्वतःच्या पायांनी वेदीपाशी जाईल.

माग तसाच आहे. लोक म्हणाले, उतरव, ताणा काप, जेवढं झालंय तेवढं झालं. मी कुणाला हात लावू दिला नाही. आईचा पाठीचा पट्टा तुला सैल होईल असं वाटत होतं, पण बोटवाल्याचा मेव्हणा म्हणतो तशी तू जाडी झाली असशील तर बरोबर बसेल.

एक सांगायचं राहिलं. आई निजून असताना मी तिला खूश करायला थोडं विणायचे, आणि तेव्हा तो काठ आणखी बिघडला. निम्म्यापर्यंत आईचा हात सरळ जातो आणि पुढे माझा, दारू प्यायलेल्या बोटवाल्यासारखा. तू आलीस की पहिल्यांदा ते उसवायला बसशील, मला माहीत आहे. उसवू नकोस. आईने बघितलंय ते. त्याच्या पुढे तू सुरू कर, म्हणजे लास्माच्या पोराच्या पाठीवर आपण तिघी असू.

धक्क्यावर मी आहे. कुठल्या बोटीने येतेस ते कळवलं नाहीस तरी मी रोज जाते.

तुझी थोरली